तुम्ही विचारलंत म्हणून: बाई असून मला ते कार्टून का आवडतं

हा प्रश्न आता इतक्या जणांनी विचारून झालाय की एकदाचं लिहूनच टाकते. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘डेट्रॉइट मेटल सिटी’ हे जपानी कार्टून माझ्याच सांगण्यावरून लावलं आणि दहाव्या मिनिटाला बंद केलं, त्यामुळे सगळी कथा सांगत बसत नाही. जपानच्या ओइता भागातल्या शेतकरी घरातला नेगिशी नावाचा भिडस्त मुलगा गोड, हलकीफुलकी प्रेमगीतं करायची म्हणून टोकियोत येतो आणि तोंडाला पांढरा रंग फासून, कपाळावर ‘हत्या’चं अक्षर काढून, क्राऊझर नावाने डेथ मेटल, म्हणजे घोगऱ्या आरोळ्यांचं कर्कश रॉक, गायची पाळी त्याच्यावर येते, एवढं पुरे. त्या गाण्यांत खून आहेत, बलात्कार आहेत, आणि ते लपूनछपून नाहीत. “मुलांना भूप-दुर्गासारखे राग शिकवता, आणि घरी हे बघता? बाई असून?” असा तो प्रश्न असतो.

‘बाई असून’ हा भाग आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. ते शब्द मला टोचतात. क्राऊझर एका सेकंदात दहा वेळा ‘बलात्कार’ हा शब्द उच्चारतो, ही त्याच्या चाहत्यांना त्याची थोरवी वाटते. मी पूर्वी ठासून सांगायची की मालिका त्या शब्दाला हसत नाही, त्या शब्दापुढे लोटांगण घालणाऱ्या गर्दीला हसते. नेगिशी मंचावर धडपडला तरी गर्दीला त्यात सैतानाची लीला दिसते, तो घाबरून किंचाळला तरी त्याचा मंत्र होतो. हे मला अजूनही पटतं. पण गर्दीची टर उडवताना तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरून हशाही वसूल केलाय, हे मला आता दिसतं, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. ज्या मैत्रिणीने या एकाच कारणासाठी मालिका बंद केली, तिच्याशी मी वाद घालत नाही.

वाद आहे तो दुसऱ्या भागाशी. ‘शास्त्रीय शिकवणारी असून.’

ही मालिका 2008 ची. तेरा-तेरा मिनिटांचे बारा भाग. वाकासुगी किमिनोरी यांच्या चित्रकथेवरून ती केली हिरोशी नागाहामा यांनी, आणि हेच नागाहामा त्याआधी ‘मुशिशी’ या मालिकेचे दिग्दर्शक होते. ‘मुशिशी’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल मी काय म्हणतेय. धुकं, डोंगर, पाण्याचा आवाज, हळू बोलणारी माणसं. तो संथपणा आणि हा धिंगाणा एकाच माणसाच्या हातचे आहेत. नेगिशी आणि क्राऊझर यांना मात्र दोन वेगळ्या कलाकारांनी आवाज दिलाय. भाग सुरू होतो हत्येच्या गाण्याने आणि संपतो नेगिशीच्या गोड गाण्याने.

बघणारे म्हणतात, बिचारा नेगिशी, खरा कलावंत मुखवट्याखाली दडपला गेला. मला तसं अजिबात दिसत नाही. रस्त्यावर गिटार घेऊन तो आपली आवडती गाणी म्हणतो तेव्हा कोणी थांबत नाही. क्राऊझर होऊन दातांनी गिटार वाजवतो तेव्हा लोक वेडे होतात, आणि ते त्याच्या मेकअपमुळे नाही. त्याची बोटं तिथे जास्त चांगली चालतात, आवाज तिथे खुलतो. पुढे तर मेकअप नसतानाही, राग आला की क्राऊझर त्याच्या तोंडून बाहेर पडतो. ज्याची आवड आहे ते त्याला जेमतेम जमतं, आणि ज्याची शिसारी आहे त्यात तो अव्वल आहे. विनोदाच्या नावाखाली इतकी निर्दय गोष्ट मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

ती मला का भिडली, ते सांगते.

मी पेटी शिकवते. आणि लग्नसराईत बेंजो पार्टीबरोबर हळदीला कीबोर्ड वाजवते. कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या आगरी हळदी. संध्याकाळी धवलारणीची, म्हणजे लग्नगीतं म्हणणाऱ्या बाईची, गाणी होतात, जेवणं होतात, आणि मग मांडवापुढे आम्ही सुरू करतो ते मध्यरात्र उलटेपर्यंत. सुपारी चांगली मिळते. ‘पैशांसाठी करते’ हे माझं अनेक वर्षांचं उत्तर होतं, आणि ते खोटं नव्हतं.

एका हळदीत पार्टीच्या मास्तरांनी खूण केली, गाणं थांबलं, कच्छी ढोल आणि पॅड तेवढे चालू राहिले, आणि मला एकटीला वाजवायला मोकळं सोडलं. मी सनईचा टोन लावला आणि भैरवी घेतली. इथे थोडं पेटीबद्दल सांगायला हवं. पेटीला मींड नाही. पट्टी दाबली की तो स्वर, सोडली की संपला. दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर तिला पाऊलच टाकता येत नाही. कीबोर्डच्या डाव्या अंगाला मात्र एक लहान चाक असतं. उजव्या बोटाने कोमल गंधार धरायचा आणि डाव्या अंगठ्याने ते चाक हळूहळू खाली ओढायचं. स्वर घसरत, घसरत कोमल रिषभावर येऊन टेकतो. लहानपणापासून गाणाऱ्यांच्या गळ्यात जी जागा ऐकत आले आणि हाताला कधी लागली नाही, ती त्या रात्री भोंग्यांमधून सगळ्या गावावर वाजत होती. लोक ओरडत होते. मी ती जागा पुन्हा घेतली, मग उलटी, खालून वर. ढोलवाला माझ्याकडे बघून लय चढवत होता.

स्पीकरला लागून, गालाला हळद माखलेली, माझ्या क्लासमधली एक मुलगी उभी होती. नाचत नव्हती. माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

पुढच्या क्लासला तिची आई दारातच थांबली, चपलाही काढल्या नाहीत. “मॅडम, परवा तिथे तुम्हीच होतात ना?” म्हटलं, हो, मीच. “नाही, म्हणजे वाजवलंत छानच. पण आम्ही हिला शास्त्रीयसाठी पाठवतो तुमच्याकडे.” आवाज चढवला नाही, वाईट बोलली नाही. मी काहीतरी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मुलगीच बोलली.

“ताई, तिथे तुम्ही हसत होतात. इथे वाजवताना कधीच नाही हसत.”

आईने तिला गप्प केलं. त्या महिन्यानंतर ती आली नाही.

आईला देण्यासारखी उत्तरं माझ्याकडे भरपूर होती, अजून आहेत. ज्या पेटीचं सोवळं आपण आज पाळतो, ती परदेशातून आलेली. तिला मींड येत नाही, ती आपल्या संगीताची नव्हेच, असं म्हणत 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. म्हणजे मी ज्या वाद्याच्या जोरावर ‘शास्त्रीयवाली’ ठरते, तेच कधीकाळी भेसळ ठरलं होतं. हे सगळं मी त्या बाईंना सांगू शकले असते आणि वाद जिंकलाही असता. पण मुलीच्या वाक्याला यातलं काहीच लागू पडत नाही. ती शुद्ध-अशुद्ध विचारत नव्हती. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं, आणि ते मला स्वतःला दिसलेलं नव्हतं.

‘पैशांसाठी करते’ म्हणणारी मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, अगं, हळदीला चार हजार वॅट असतात, गर्दी असते, त्यात कोणीही हसेल. क्लासमध्ये जबाबदारी असते, मुलांचे स्वर सांभाळायचे असतात, परीक्षा असतात. बरोबर आहे. मग एकटी घरी रियाजाला बसते तेव्हा कुठली जबाबदारी असते? तेव्हाही मी हसत नाही. यावर ती गप्प होते, पण हरलेय असं कबूल करत नाही, आणि मीही तिला हरवलंय असं म्हणणार नाही. ज्या भूपाने मला वळण लावलं तो मला हळदीतल्या भैरवीपेक्षा मोठा वाटतो. आजही वाटतो. तो माझ्या हातून मोठा होत नाही, ही वेगळी गोष्ट.

हेच नेगिशीचं दुखणं आहे, आणि म्हणून मला ती मालिका लागते. त्यातला ओइताचा भाग तरी शेवटपर्यंत बघा. नेगिशी गावी जातो तर धाकटा भाऊ क्राऊझरचा भक्त झालेला, आईला उलट बोलणारा, कामाला हात न लावणारा. नेगिशी मोठा भाऊ म्हणून समजावतो, त्याचं कोण ऐकतो! शेवटी तो वेष चढवून क्राऊझर म्हणून समोर उभा राहतो आणि त्याच राक्षसी आवाजात भावाला अभ्यासाला आणि घरच्या कामाला लावतो. भाऊ ऐकतो. त्या भागात मी खूप हसते, पण प्रत्येक वेळी एका जागी अडकते. घरच्यांवर त्याची जी माया आहे ती खरी नेगिशीची आहे, आणि ती पोचवायला त्याला क्राऊझरचाच गळा लागतो. मग त्यातला खरा कोण, हे मालिका ठरवत नाही.

तेव्हा ‘बाई असून’ जरूर विचारा, त्यावर मी तुमच्याशी बसून बोलेन, आणि काही ठिकाणी तुमचंच म्हणणं मान्य करेन. ‘शास्त्रीय शिकवणारी असून’ असं मात्र विचारू नका. भूप शिकवते आणि हळदीलाही वाजवते, म्हणूनच तर ती मालिका मी पुन्हा पुन्हा लावते. वैशाखातल्या तारखा मास्तरांनी कळवल्या आहेत, मी सगळ्यांना हो म्हटलंय, आणि क्लासची वेळ नेहमीचीच आहे.