तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएतनामी हॉटेलात फो सोडून काय मागवायचं?

कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहते म्हटलं की भारतातून आलेला पाहुणा असो नाहीतर ऑफिसातलं मराठी पब्लिक, विचारतात एकच, की घराजवळच्या त्या व्हिएतनामी हॉटेलात तुम्ही सारखे जाता तर तिथे फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं ते बीफचं सूप, सोडून खायला असतं तरी काय. विचारणाऱ्याचाही दोष नाही, बाहेर पाटीवर फो, काचेवर फो, मेन्यूची पहिली दोन पानं फो, माणूस तिथेच थांबतो. तर एकदाच सविस्तर सांगते.

फोशी माझं काही भांडण नाही हं. बैलाची हाडं तासन्‌तास उकळवून त्यात भाजलेला कांदा, भाजलेलं आलं, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, म्हणजे आपला अर्धा गरम मसाला घालून काढलेलं ते पाणी कोणाला आवडणार नाही. पण तो मूळचा उत्तरेकडचा पदार्थ, हनोईच्या बाजूचा. १९५४ ला देशाचे दोन भाग झाले, उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले आणि त्यांच्याबरोबर तो दक्षिणेच्या राजधानीत, सायगॉनमध्ये पसरला. आमच्या गावात एक लाखाहून जास्त व्हिएतनामी लोक आहेत, त्यातली जुनी मंडळी बरीचशी १९७५ ला सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडल्यावर नाहीतर त्यानंतर होड्यांतून जीव मुठीत धरून निघालेली, दक्षिणेकडची. त्यांच्या घरी रोज काय शिजतं ते बघायचं तर मेन्यू मागून उघडायचा. शेवटच्या पानांवर भाताबरोबर खायचे पदार्थ असतात, आणि प्रत्येकाला नंबर असतो त्यामुळे उच्चाराची फजिती नाही, नंबर सांगा, मोकळे व्हा.

माझी पहिली पसंती कान चुआ. मी मालवणची, त्यामुळे मी पार्शल आहे हे आधीच मान्य. हे माशाचं आंबट सार, दक्षिणेतल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातलं. चिंचेचा कोळ, टोमॅटो, अननसाच्या फोडी, भेंडी, मोड आलेले मूग (त्यांचे मोड बोटभर लांब असतात), आणि चक्क अळूच्या जातीतलं एक जाड देठ, सोलून तिरपं कापलेलं. ते देठ आतून स्पंजसारखं असतं, सार पिऊन बसतं, चावलं की आंबटगोड रस्सा तोंडात सुटतो. खाजत अजिबात नाही, भिऊ नका. वरून तळलेला लसूण आणि एक पाला घालतात जो भातशेतीत उगवतो, त्याला जिरं आणि लिंबू एकत्र केल्यासारखा वास. मासा बहुतेक वेळा कॅटफिश. आमच्या इथल्या काकू (सगळे त्यांना को म्हणतात, मीही म्हणते) तो सारातून काढून वेगळ्या बशीत देतात, त्यावर नुक माम म्हणजे माशाचं खारं पाणी आणि लाल मिरचीच्या चकत्या, मग घास माशाचा आणि वर भुरका साराचा.

आता हे एकटं मागवायचं नाही. जोडीला का खो तो हवंच. मातीच्या लहान भांड्यात साखर जाळून काळपट करतात, त्यात नुक माम, नारळाचं पाणी, कांदा, मिरची, माशाचे जाड तुकडे, आणि रस बोटाला चिकटेल इतका आटेपर्यंत मंद आचेवर ठेवतात. वरून मिरपूड भरपूर, व्हिएतनाम जगात सगळ्यात जास्त मिरी निर्यात करणारा देश आहे, ते हात आखडता कशाला घेतील. चवीला इतकं खारट-गोड की इवलासा तुकडा आणि मोठा घास भाताचा असंच खायचं. आमचे एक पाहुणे नुसतंच चमच्याने खायला लागले आणि म्हणाले फार खारट आहे बुवा, अहो लोणचं पण नुसतं खाल्लं तर खारटच लागेल की! एक आंबट, एक खारं आणि मध्ये पांढरा भात, या जेवणाची गंमत त्या जोडीत आहे, वेगवेगळं खाऊन कळणार नाही.

दुपारी एकटीच गेले तर कम तम. तम म्हणजे आपली तांदळाची कणी. पूर्वी गरिबाचं खाणं, गिरणीत तुटलेला तांदूळ स्वस्त मिळायचा म्हणून, आता सायगॉनची शान. वर गवती चहा लावून भाजलेली पोर्कची चाप, पातीच्या कांद्याचं गरम तेल, तळलेलं अंडं, गाजर-मुळ्याचं गोडसर लोणचं. ज्यांना पोर्क चालत नाही त्यांना चिकन मिळतं, पण खरं सांगू का, मजा कमी.

मुलं असतील तर बान्ह सेओ. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, अंडं नाही, घावनासारखंच पण कडा पापडासारख्या कुरकुरीत आणि पोटात कोळंबी न् मोड. हे काट्याने कापून खाणारे लोक बघितले की मला राहवत नाही. ताटभर पाला देतात तो सजावटीला नसतो. पानात तुकडा ठेवा, पुदिना ठेवा, गुंडाळा, वाटीतल्या आंबटगोड पाण्यात बुडवा आणि हातानेच खा.

शाकाहारींचं काय, हा पुढचा प्रश्न, आणि तो आमच्या घरातच आहे कारण आमचे हे मासे-मटण काही खात नाहीत. साध्या हॉटेलात टोफूचा फो मागवलात तरी पाणी हाडांचंच असू शकतं आणि नुक माम तर कशातही असतं, तेव्हा विचारून घ्यायचं. शब्द लक्षात ठेवा, चाय. चाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. बरेच व्हिएतनामी बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्याला, म्हणजे पौर्णिमेला, चाय पाळतात. त्यांची नुसती चायची हॉटेलंही असतात. आमच्या हॉटेलात गल्ल्याजवळ जमिनीवर लाल देव्हारा आहे, धनाचा देव आणि भूमीचा देव शेजारी शेजारी, समोर संत्री आणि कधी कधी चक्क कॉफीचा कप. चायच्या दिवसांत तिथे ताजी फुलं दिसतात. मग यांच्यासाठी लेमनग्रासमधला टोफू बिनधास्त मागवायचा, वेगळ्या कढईतला.

शेवटी कॉफी. पेल्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या गाळणीतून थेंब थेंब पडते, खाली कंडेन्स्ड मिल्क, मग ढवळून बर्फावर ओतायची. गोड आहे म्हणून फसू नका, रोबस्टा असते, कडक. रात्रीच्या जेवणावर प्यायलात आणि दोन वाजेपर्यंत छताकडे बघत बसलात तर मला मेसेज करू नका, मी झोपलेली असेन.