मोझांबिक: इल्या बेटासाठी वेळ राखून ठेवा

मोझांबिकला जायचं ठरलं की सगळ्यात आधी नकाशा नीट बघा. हा देश दक्षिणोत्तर पसरलेला आहे. नुसता किनाराच अडीच हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. राजधानी मापुतो अगदी तळाशी, दक्षिण आफ्रिकेच्या सीमेजवळ. आणि ज्या बेटावरून देशाला नाव मिळालं ते इल्या दे मोसांबिक तिथून रस्त्यानं दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर. एकाच सुट्टीत दक्षिणेचे किनारे, मधली अभयारण्यं आणि उत्तरेचं बेट असं सगळं बसवू पाहाल तर निम्मे दिवस विमानतळांवर आणि रस्त्यात जातील. आम्ही दक्षिणेला कात्री लावली आणि तो वेळ बेटाला दिला. हे बेट पोर्तुगीज काळात गोव्याशी जोडलेलं होतं, म्हणून गोव्याशी किंवा कोकण किनाऱ्याशी ज्याचं काही नातं आहे, त्याला माझं हेच सांगणं आहे.

जायचा काळ मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून उकाडा आणि पाऊस सुरू होतो, आणि जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. मार्च २०१९ मध्ये इदाई वादळानं बैरा शहराची काय दशा केली ते आठवत असेल. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. हवा कोरडी होती आणि रात्री पातळ चादर पुरत होती.

कागदपत्रांची तयारी लवकर सुरू करा. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. आता ऑनलाइन अर्ज करता येतो, पण नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचाव्यात. मुंबईहून जाताना बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलावं लागतं. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे विमानतळाबाहेर पडणार असाल, तर पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला जाताना आणि भारतात परतताना, दोन्ही वेळी लागू शकतो. नुसतं विमान बदलायचं असलं तरी तो जवळ असावा, काउंटरवरची हुज्जत टळते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्या मंडळींनी ती घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, कारण त्या वयात तिचे दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते.

मलेरिया मात्र वर्षभर, सगळ्या देशात आहे, आणि तोही मेंदूपर्यंत पोचणारा फॅल्सिपेरम. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करायच्या आणि परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्या. आपल्याकडे मलेरियाची सवय असल्यासारखे आपण बेफिकीर राहतो, तसं तिथे चालणार नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, मलम आणि मच्छरदाणी हवीच. विमा काढताना गंभीर आजारात जोहान्सबर्गला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते तपासा.

सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहिते. अगदी उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात ऑक्टोबर २०१७ पासून सशस्त्र बंडखोरी चालू आहे. पेम्बा, किरिम्बा बेटं असली नावं जुन्या प्रवासवर्णनांत फार सुंदर वाटतात, पण सध्या तिकडे जाऊ नये. २०२२ मध्ये हल्ले शेजारच्या नाम्पुला प्रांतातल्या मेम्बा आणि एराती जिल्ह्यांपर्यंत पोचले होते. इल्या बेट या जिल्ह्यांच्या दक्षिणेला आहे आणि तिथलं जीवन शांतपणे चाललेलं आम्ही पाहिलं, तरी निघण्याच्या आठवड्यात ताज्या सूचना बघायलाच हव्यात. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर मापुतोसह अनेक शहरांत मोठी आंदोलनं झाली, रस्ते अडवले गेले. मोर्चा किंवा जमाव दिसला की वाट बदलायची.

मापुतोला दोन-तीन दिवस पुरतात. रेल्वे स्टेशन बघाच. पहिल्या महायुद्धाच्या काळात पूर्ण झालेली ती घुमटाची इमारत आजही वापरात आहे. कार्ल मार्क्स, हो ची मिन्ह, ज्युलियस न्येरेरे अशा नावांच्या रुंद रस्त्यांवर दुतर्फा झाडं आहेत आणि सकाळी पायी फिरायला शहर छान आहे. अंधार पडल्यावर मात्र टॅक्सीच घ्यावी. २०१८ मध्ये खुला झालेला काटेम्बेचा झुलता पूल ओलांडला की शहराचं पूर्ण दर्शन होतं. पासपोर्ट किंवा त्याची साक्षांकित प्रत कायम जवळ ठेवा, रस्त्यावर तपासणी होते. दंड सांगितला तर आवाज न चढवता पावती मागायची. सरकारी इमारती, पोलीस आणि लष्करी ठिकाणांचे फोटो काढायचे नाहीत.

पैशांची सोयही मापुतोतच करून घ्या. चलन मेटिकल; गेली काही वर्षं एका डॉलरला ६४ च्या आसपास भाव स्थिर आहे. नव्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्याव्यात. मोठ्या शहरांत एटीएम आहेत, पण बेटावर त्यांच्या भरवशावर राहू नका. सुट्ट्या नोटा भरपूर ठेवा, मोठी नोट मोडून द्यायला कुणी तयार नसतं. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून लगेच मिळतं, आणि ते अधिकृत दुकानातूनच नोंदवून घ्यावं. विजेच्या प्लगचे दोन-तीन प्रकार चालतात; त्यांतला एक आपल्या गीझरचा मोठा तीन पिनांचा, त्यामुळे तो अडॅप्टर घरूनच न्या.

दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या तोफो आणि विलांकुलो या गावांबद्दल थोडक्यात. तोफोला देवमुशी म्हणजे व्हेल शार्क आणि मांटा रे बघायला जगभरचे पाणबुडे येतात, आणि विलांकुलोहून बाझारुतो द्वीपसमूहाच्या राष्ट्रीय उद्यानात होडीनं जाता येतं. तिथल्या समुद्री गवतात दुगाँग हा दुर्मीळ प्राणी अजून टिकून आहे. ज्यांना फक्त समुद्र हवा आहे त्यांनी तिकडेच जावं आणि उत्तरेचा विचार सोडावा.

बेटासाठी विमानानं नाम्पुला गाठायचं. देशांतर्गत विमानांच्या वेळा ऐनवेळी बदलतात, म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवलाच पाहिजे. नाम्पुलाहून बेट दोनशे किलोमीटरच्या आत आहे. शापा म्हणजे तिथली खचाखच भरणारी मिनीबस. भाडं कमी, पण ती भरेपर्यंत हलत नाही. पहाटे स्टँडवर जाल तर दुपारच्या आत पोचाल. तिघे-चौघे असाल तर गाडीच ठरवा. बेट देशाच्या पूर्व टोकाला आणि घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच, भारताच्या साडेतीन तास मागे. त्यामुळे ऑगस्टात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात रस्त्यावर बिनदिव्यांच्या सायकली, माणसं, गुरं असतात. प्रवास सकाळचाच करावा.

हा रस्ता मला फार आवडला. सपाट माळावर एकेकटे उभे ग्रॅनाइटचे प्रचंड डोंगर, मधूनमधून काजूची आणि आंब्याची झाडं, कसाव्याची शेतं, आणि कुंपणाकडेला शेंगांवर आलेली तूर. २०१६ साली भारत सरकारनं मोझांबिकशी तूरखरेदीचा करार केला. आपल्याकडे पीक कमी आलं की इथल्या छोट्या शेतकऱ्यांची तूर आपल्या वरणात येते. कच्चा काजूही इथून भारतातल्या कारखान्यांकडे जातो. गाडी थांबवून शेतातल्या बायकांशी बोलावंसं वाटलं तर पोर्तुगीजपेक्षा मखुवा भाषेचा उपयोग जास्त. पण ‘सलामा’ एवढं म्हटलं तरी चेहरे खुलतात.

नाम्पुलात एका किराणा मालाच्या दुकानात शिरलो तर गल्ल्यावरचे आजोबा मुलाशी गुजरातीत बोलत होते. मी मोडकंतोडकं गुजराती सुरू केलं आणि लगेच चहा आला. घराणं मूळचं दीवचं. “बहेन, इल्या पर जजो, त्यां अमारुं जूनुं मंदिर छे,” असं त्यांनी आवर्जून सांगितलं. दीवच्या वाण्यांचा या किनाऱ्याशी व्यापार फार जुना. १६८६ मध्ये पोर्तुगीजांनी दीवच्या व्यापाऱ्यांच्या कंपनीला दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता दिला होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त झाल्यावर मात्र, तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात असलेल्या मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना, म्हणजे मुख्यतः पोरबंदर-जामनगरकडच्या कुटुंबांना, पोर्तुगीज सरकारनं छावण्यांत डांबलं, त्यांची मालमत्ता गोठवली आणि पुढे त्यांना देशाबाहेर काढलं. आपण गोवामुक्तीचा आनंद साजरा करतो, तो करावाच. पण त्याची किंमत समुद्रापलीकडे कुणी मोजली हेही माहीत असायला हवं.

बेटावर जायला सुमारे साडेतीन किलोमीटरचा अरुंद पूल आहे. एका वेळी एकच गाडी जाते, मध्ये बाजू द्यायला जागा ठेवल्या आहेत. बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आतबाहेर. वाहनाची गरज नाही, सगळं पायी होतं. उत्तरेला चुना-दगडाचं जुनं शहर, दक्षिणेला झावळ्यांच्या छपरांची माकूती वस्ती. दगडी शहर उभारायला या दक्षिण भागातूनच दगड काढला, म्हणून ती वस्ती रस्त्याच्या पातळीखाली खड्ड्यात बसली आहे आणि पावसात पाणी तिथे तुंबतं. युनेस्कोनं १९९१ मध्ये बेटाला जागतिक वारसा ठरवलं. पर्यटक दगडी भागाचे फोटो काढतात, पण बहुतेक लोकवस्ती माकूतीत आहे. तिथे जायचं तर स्थानिक मुलगा वाटाड्या म्हणून घ्या, त्याला ठरलेले पैसे द्या आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. बायका चेहऱ्याला मुसीरो नावाचा पांढरा लेप लावतात, एका झाडाचं खोड दगडावर उगाळून केलेला. त्यांच्याकडे टक लावून कॅमेरा रोखणारे पाहुणे बघून मलाच अवघडल्यासारखं झालं.

१७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता, आणि १८९८ पर्यंत हे बेट वसाहतीची राजधानी होतं. लिस्बनहून गोव्याला निघालेली गलबतं मोसमी वाऱ्याची वाट बघत इथे थांबत. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४१ मध्ये इथे पोचले, काही महिने अडकले आणि मे १५४२ मध्ये गोव्यात उतरले. त्यांच्या नावाचं एक चॅपल बेटावर आहे. जुन्या गव्हर्नरच्या लाल राजवाड्यात आता संग्रहालय आहे. तिथलं कोरीव फर्निचर बरंचसं गोव्यात घडलेलं. एका खुर्चीच्या पाठीवरची वेलबुट्टी बघताना गोव्यातल्या लोटली गावच्या एका घरातली खुर्ची डोळ्यांपुढे आली. कारागिरांची नावं कुठेच नाहीत याचं फार वाईट वाटलं.

उत्तर टोकावरच्या साव सेबास्तियाव किल्ल्याला सकाळी लवकर जा. त्याचं बांधकाम १५५८ मध्ये सुरू झालं, आणि १६०७-०८ मध्ये डचांनी दोनदा वेढा घालूनही तो पडला नाही. कारण आत पावसाचं पाणी साठवणारी मोठी टाकी होती. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. तटाबाहेर, समुद्राच्या अगदी कडेला १५२२ चं बालुआर्ते चॅपल आहे, दक्षिण गोलार्धातली युरोपीय बांधणीची सर्वांत जुनी शिल्लक इमारत म्हणून ओळखलं जाणारं. ऊन चढलं की तटावर सावली नसते, म्हणून पाणी आणि टोपी न्यावी. याच बंदरातून हजारो माणसं गुलाम म्हणून ब्राझीलकडे आणि हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांकडे पाठवली गेली. त्यांच्या स्मरणार्थ एक छोटी बाग केली आहे, ती चुकवू नका.

आजोबांनी सांगितलेलं मंदिरही पाहिलं. बेटावरची बहुसंख्य वस्ती मुसलमान आहे, तेव्हा खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. पुळणी सगळ्याच पोहण्याजोग्या नाहीत, वस्तीलगतच्या तर नाहीतच. पोहायचं तर शिडाच्या होडीनं समोर काबासेरास किंवा पूर्वेच्या गोवा बेटावर जा. हो, दीपगृह असलेल्या त्या चिमुकल्या बेटाचं नावच इल्या दे गोवा, गोव्याच्या वाटेवरचं म्हणून. भाडं आदल्या दिवशी ठरवा, लाइफ जॅकेट आहे का ते डोळ्यांनी बघा, आणि वारा वाढायच्या आत म्हणजे सकाळीच निघा. पायांत रबरी चपला असू द्या, उथळ पाण्यात काटेरी समुद्री अर्चिन असतात.

जेवणाची मासेखाऊंना चिंता नाही. कोळंबी, खेकडे, कालवं ताजी मिळतात आणि पिरीपिरीचा ठसका ओळखीचा वाटतो. बेटाचा खास पदार्थ मटापा: इतरत्र तो कसाव्याच्या पाल्याचा करतात, इथे सिरी-सिरी या समुद्रकाठच्या पाल्याचा, नारळाच्या दुधात आणि काजू किंवा शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला. शाकाहारी लोकांनी ‘सें कामाराँव, सें पेश’ म्हणजे कोळंबी नको, मासे नको, असं ऑर्डर देतानाच सांगावं, कारण मटाप्यात कोळंबी टाकण्याची पद्धत आहे. त्याशिवाय भात, घेवड्याची उसळ, पाव, केळी, पपई यांवर सहज भागतं. जेवण सांगितल्यावर तासभर लागतो, तेव्हा दुपारी फिरायला निघतानाच रात्रीचं सांगून ठेवा. पाणी बाटलीचंच प्या.

परतताना भाजलेले काजू थेट रस्त्यावरच्या बायकांकडून घ्या, आणि कापुलाना म्हणजे रंगीत छापील कापड बाजारातून. घासाघीस थोडी करा, ताणू नका. आणि घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला, तर साधा ताप म्हणून घरी न थांबता त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा आणि आपण मोझांबिकला जाऊन आलो हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.