तुम्ही विचारलंत म्हणून: बँको गप्प का बसला?

कॉलेजात असताना शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात मी बँको झालो होतो, म्हणजे मॅकबेथचा जोडीदार सरदार. तेव्हापासून ‘मॅकबेथ’चा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच: मॅकबेथ महत्त्वाकांक्षी, बँको निष्ठावंत, हे ठीक. पण एवढ्या निष्ठावंत माणसानं मॅकबेथनं डंकन राजाचा खून केल्यावर तोंड का नाही उघडलं?

सुरुवातीला मलाही तो सरळ सज्जन वाटायचा. चेटकिणी मॅकबेथला मुकुट देऊ करतात आणि बँकोला सांगतात, तू राजा होणार नाहीस, तुझा वंश होईल. मॅकबेथ तिथल्या तिथे विचारांत हरवतो. बँको मात्र बजावतो की, ही काळोखातली माणसं लहानसहान गोष्टी खऱ्या सांगून मोठ्या बाबतीत घात करतात. म्हटलं, सोपं काम आहे. ताठ उभं राहायचं, मॅकबेथच्या मारेकऱ्यांच्या हातून मरायचं, मग मेजवानीत भूत होऊन यायचं.

अडलो ते दुसऱ्या अंकाच्या तोंडाशी. मध्यरात्र उलटली आहे. बँको तलवार मुलाच्या, फ्लीअन्सच्या, हाती देतो. डोळ्यांवर शिशासारखी झोप आहे, पण झोपायचं नाही. झोपेत नको ते विचार येतात म्हणे. कसले, ते सांगत नाही. तेवढ्यात मॅकबेथ येतो आणि खडा टाकून बघतो: वेळ आली की माझ्या बाजूनं राहा, तुझा मान वाढेल. बँको म्हणतो, असलेला मान जाणार नसेल आणि निष्ठेला डाग लागणार नसेल, तर ऐकेन. याला नकार म्हणत नाहीत. आणि डंकन राजा अजून जिवंत आहे!

तिसऱ्या अंकात मॅकबेथ गादीवर आहे. त्यासाठी त्यानं काहीतरी काळंबेरं केलंय, हे बँको एकटा असताना बोलून दाखवतो. पण पुढच्याच दमात: त्याचं भाकीत खरं झालं, मग माझं का होऊ नये? इतक्यात राजा येतो आणि हा स्वतःलाच दटावतो, गप्प.

गंमत म्हणजे शेक्सपिअरनं कथानक घेतलं त्या हॉलिन्शेडच्या बखरीत बँको खुनाच्या कटात सामीलच आहे. नाटक १६०६च्या सुमाराचं. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स होता आणि तो बँकोच्या वंशातला मानला जाई. राजाच्या पूर्वजाचे हात धुवावेच लागले असणार. मनातला डाग तेवढा राहिला.

याउलट मॅकडफ हा दुसरा सरदार. तो मॅकबेथच्या राज्याभिषेकाला स्कोनला जातच नाही, सरळ फाइफला घरी जातो. पुढे इंग्लंडात डंकनचा मुलगा, राजपुत्र माल्कम, त्याला पारखायला स्वतःचे खोटे दुर्गुण सांगतो. लंपटपणा, लोभ हे मॅकडफ पोटात घालतो, पण शेवटी ओरडतो: राज्य कसलं करतोस, तू जगायच्याही लायकीचा नाहीस! ही निष्ठा मला पटते. तरी त्याला सरळ नमस्कार करवत नाही. बायकामुलं मागे टाकून गेला आणि ती मारली गेली.

बँको गप्प बसला, कारण बोलण्यात भाकीत बुडण्याचा धोका होता. त्या ‘गप्प’नंतर थोड्याच वेळात मॅकबेथ अगदी सहज विचारतो, फ्लीअन्स आहे ना बरोबर? आणि घोड्यावर बसायच्या घाईत असलेला बँको म्हणतो, हो, महाराज.