बिलाच्या फॉर्मवर दुसऱ्या टेबलातली माहिती आणताना

पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत. त्यातल्या एका दुकानासाठी मी जँगोमध्ये (वेब ॲप्लिकेशन बनवायची पायथॉनमधली चौकट) बिलिंगचं वेब ॲप्लिकेशन केलं. मुख्य टेबलं चारच: पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, आयटम, बिल आणि बिलातल्या ओळी. बिलात पार्टीचं नाव नसतं, नुसता तिचा आयडी, म्हणजे तिच्या टेबलातला क्रमांक. ओळीत आयटमचं वर्णन नसतं, त्याचाही आयडीच. एक माहिती एकाच जागी ठेवायची ही शिस्त एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमधून, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याच्या पद्धतीतून, आली. डेटाबेसच्या दृष्टीनं ती योग्यच आहे, पण काउंटरवर बसलेल्या माणसाला आयडीचा काही उपयोग नसतो.

पहिल्यांदा फॉर्म उघडला की ड्रॉपडाउनमध्ये ‘पार्टी ऑब्जेक्ट (१२)’ अशा ओळी दिसतात. टेबलाचं वर्णन करणाऱ्या कोडमध्ये (जँगो त्याला मॉडेल म्हणतं) नोंद कोणत्या नावानं दिसावी हे सांगणारी ‘स्ट्र’ मेथड लिहून तिथून नाव परत दिलं की त्या जागी नावं येतात. खरं काम त्यानंतर सुरू झालं. काउंटर सांभाळणारे काका यादी बघून म्हणाले, “ताई, या नावाची दोन गॅरेजं आहेत आपल्याकडे. एक हडपसरचं, एक कात्रजचं. यातलं कुठलं कोणतं?” आयटमच्या बाबतीत त्यांना पार्ट नंबर आधी हवा होता, कारण मेकॅनिक फोनवर नंबरच सांगतो आणि ‘ब्रेक शू’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मग ड्रॉपडाउन बनवणाऱ्या ‘मॉडेल चॉईस फील्ड’चा वेगळा क्लास करून त्यातली लेबल ठरवणारी ‘लेबल फ्रॉम इन्स्टन्स’ मेथड बदलली. बिलाच्या फॉर्मवर पार्टीचं नाव भागासकट दिसू लागलं, आयटममध्ये आधी पार्ट नंबर आणि मग वर्णन. बाकीच्या पानांवर नुसतं नाव पुरतं, म्हणून ‘स्ट्र’ला हात लावला नाही. लेबल कसं असावं हे काउंटरशेजारी उभं राहून ऐकल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

हजारो आयटमचा ड्रॉपडाउन उघडायला वेळ लागतो आणि त्यातून शोधणंही कठीण. फॉर्म ॲडमिनमधलाच, म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांतलाच असल्यामुळे जँगो २.० पासून, म्हणजे २०१७ पासून मिळणारं, टाइप करताच जुळणाऱ्या नोंदी सुचवणारं ‘ऑटोकम्प्लीट फील्ड्स’ कामी आलं. त्यासाठी आयटमच्या ॲडमिनमध्ये ‘सर्च फील्ड्स’, म्हणजे कुठल्या रकान्यांत शोधायचं ते, द्यावी लागतात. तिथे पार्ट नंबर आणि वर्णन दोन्ही दिले.

पार्टी निवडली की तिचा पत्ता, फोन आणि जीएसटी नंबर समोर दिसायला हवा होता. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. काका त्यातले पहिले दोन आकडे आधी बघतात: २७ म्हणजे महाराष्ट्र. सेव्ह झालेल्या बिलावर हे दाखवणं सोपं आहे. एक छोटी मेथड लिहायची आणि तिचं नाव फक्त दिसणाऱ्या, बदलता न येणाऱ्या ‘रीडओन्ली फील्ड्स’मध्ये टाकायचं. नव्या बिलात मात्र पार्टीच अजून निवडलेली नसते, त्यामुळे तिथे नुसती रेघ दिसते. म्हणून एक लहान व्ह्यू, म्हणजे मागितलेली माहिती परत देणारा सर्व्हरवरचा कोड, लिहिला. पार्टी निवडली की जावास्क्रिप्ट तिचा आयडी पाठवते आणि उत्तरात आलेली माहिती फॉर्मवर भरते. ही माहिती फक्त डोळ्यांसाठी. सेव्ह करताना सर्व्हर ती डेटाबेसमधून स्वतः पुन्हा वाचतो. ब्राउझरकडून आलेल्या जीएसटी नंबरवर विसंबून बिल करायचं नाही, यावर मी अडून राहिले.

बिलांच्या यादीत दुसरीच गोष्ट सांभाळावी लागते. पानावर ५० बिलं आणि प्रत्येकासमोर पार्टीचं नाव असेल, तर यादीची एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आणि नावांच्या ५० अशा ५१ क्वेरी होतात. ‘सिलेक्ट रिलेटेड’ दिलं की दोन्ही टेबलांचा जॉईन, म्हणजे जोड, होऊन एका क्वेरीत काम भागतं. ट्रान्सपोर्टचं फील्ड रिकामंही असू शकतं, कारण बरीच गिऱ्हाइकं माल स्वतःच नेतात. अशा फील्डवर जँगो लेफ्ट आउटर जॉईन करतो, म्हणजे समोरची नोंद नसली तरी बिल ठेवतो, म्हणून ती बिलं यादीतून गळत नाहीत. रिपोर्टसाठी हातानं एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहिताना फक्त जुळणाऱ्या नोंदी ठेवणारा साधा इनर जॉईन केला तर ती गुपचूप गायब होतात आणि बेरीज कमी येते.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो एका प्रश्नानं: दुसऱ्या टेबलातली माहिती दर वेळी ताजी दाखवायची, की बिलाच्या दिवशी होती तशी धरून ठेवायची? फोन नंबर ताजाच हवा. पार्टीनं नंबर बदलला तर जुन्या बिलावरून फोन करतानाही नवाच लागायला हवा. जीएसटीचा दर मात्र तसा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या ज्या भागांवर २८ टक्के होते त्यांवर १८ टक्के झाले. दर जर आयटमच्या टेबलातून जॉईन करून दाखवला असता, तर आयटममध्ये १८ टाकल्याक्षणी आदल्या दिवसापर्यंतची सगळी बिलं १८ टक्क्यांची दिसू लागली असती, गिऱ्हाइकाच्या हातातल्या कागदावर २८ असताना.

म्हणून दर, किंमत आणि एचएसएन कोड (मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक) यांचे कॉलम बिलाच्या ओळीतच ठेवले, आणि पार्टीचा पत्ता व जीएसटी नंबर बिलात. सेव्ह करताना ते मूळ टेबलातून एकदा उतरवून घेतले जातात आणि नंतर बदलत नाहीत. हे पाहून एका सहकाऱ्यानं विचारलं, “अगं, पण ही माहिती दोनदा साठवणं नाही का?” माझ्या मते नाही. आयटममधला दर हा आजचा दर आहे, ओळीतला दर हा त्या दिवशी झालेल्या व्यवहाराचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दर बदलल्यानंतर त्याआधी विकलेला माल परत येऊ लागला, तेव्हा क्रेडिट नोटचा, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणाऱ्या कागदाचा, फॉर्म करायचा होता. तिथे काका आयटम निवडत नाहीत. ते मूळ बिल निवडतात, त्याच्या ओळी समोर येतात, आणि २८ टक्क्यांनी विकलेल्या मालासमोर २८च दिसतं.