ड्रॉपडाउनमध्ये दिसत नाही म्हणे

ऐरोलीतल्या एका कंपनीचं अंतर्गत पोर्टल तपासत होते: ज्याला जे करायची परवानगी नाही, ते त्याला करता येतंय का. पहिले दोन दिवस नेहमीचेच. एका रोलची (ठरावीक अधिकार असलेल्या भूमिकेची) रिक्वेस्ट दुसऱ्याच्या टोकननं (लॉगिनला मिळणाऱ्या डिजिटल पासनं) पाठवायची, ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येतंय का बघायचं, एक्सेलमध्ये टिक मारायची. शेकडो वेळा. घरच्यांना मात्र अजून वाटतं, मी हॅकिंग करते.

तिसऱ्या दिवशी हेल्पडेस्कचा रोल. या रोलला कुणालाही रोल देता येत नव्हता, तिथला चेक चोख होता. पण रोल ग्रुपलाही जोडलेले असतात, ग्रुपमध्ये आलेल्याला ते आपोआप मिळतात, आणि ग्रुपमध्ये माणसं टाकणं हे तर हेल्पडेस्कचं रोजचं काम! मी हेल्पडेस्कच्या लॉगिननं स्वतःलाच ॲडमिन ग्रुपमध्ये टाकलं. उत्तर २००, म्हणजे झालं. पुन्हा लॉगिन केलं तर अख्खं पोर्टल उघडं. वर, ग्रुपमधून काढल्यावरही जुनं टोकन आठ तास चालत राहिलं, कारण रोल टोकनमध्येच लिहिलेला.

डेव्हलपर म्हणाला, "पण मॅडम, हेल्पडेस्कला तो ग्रुप ड्रॉपडाउनमध्ये दिसतच नाही." दिसत नसला तरी रिक्वेस्ट पाठवता येतेच. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (परवानगीची तपासणी फसणं) २०१७ मध्ये पाचवं होतं, २०२१ मध्ये पहिलं आलं. अशी उत्तरं ऐकली की नवल वाटत नाही. कुबरनेटीजमध्ये (सर्व्हरवरची ॲप्स सांभाळणारी प्रणाली) स्वतःकडे नसलेला अधिकार रोलमध्ये लिहायला गेलात, तर 'एस्कलेट'ची वेगळी परवानगी लागते. एवढं ग्रुपपाशी विचारलं असतं तरी भागलं असतं.

पुराव्यासाठी ऑडिट लॉग (कुणी कधी काय केलं याची नोंद) मागवला. त्यात माझ्याआधीच अकरा वेळा तेच: एक हेल्पडेस्कचं खातं ग्रुपमध्ये आत, वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर. सगळं रात्री दीडनंतर.

खातं कॉन्ट्रॅक्टवरच्या, रात्रपाळीच्या मुलाचं. त्यानं लपवलं काहीच नाही. "रात्री डिस्पॅच अडकला की सर फोन उचलत नाहीत. त्यांनीच सांगितलं होतं, बल्क अपलोडच्या शीटमध्ये स्वतःचं नाव टाक, काम झालं की काढ." म्हणजे ना टूल, ना हॅकिंग. एकदम अनेक नावं ग्रुपमध्ये टाकायची साधी एक्सेल फाइल.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "मला कल्पना नाही."

मुलाचं म्हणणं मी रिपोर्टमध्ये एका वाक्यात लिहिलं होतं. 'स्कोपबाहेर' म्हणून ते काढायला सांगितलं. लॉगमधल्या अकरा नोंदी राहिल्या, त्याच्या आयडीसकट. वाक्य मी काढलं.

महिन्यानं रीटेस्टला, म्हणजे दुरुस्ती तपासायला गेले. ग्रुपमध्ये माणूस टाकायच्या रिक्वेस्टला ४०३ आला, बल्क अपलोडलाही. युजर लिस्टमध्ये त्या मुलाच्या नावापुढे 'निष्क्रिय' होतं. हेल्पडेस्कच्या मॉनिटरवर 'रात्री अडचण आल्यास' अशी चिठ्ठी, आणि खाली सरांचा तोच नंबर.