'हो' हे उत्तर नव्हे

इंग्लंडमध्ये 'लर्निंग डिसॅबिलिटी' ऐकून डिस्लेक्सिया डोळ्यांसमोर आणू नका. इथे हा शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात. अशा प्रौढांच्या संशोधनासाठी मुलाखती घेताना सर्वांत फसवा शब्द म्हणजे 'हो'.

"इथे राहायला आवडतं का?" हो. थोड्या वेळाने, "दुसरीकडे राहायला जावंसं वाटतं का?" तेही हो. हा खोटेपणा नव्हे. आयुष्यभर ज्यांच्यासाठी इतरांनीच ठरवलं, त्यांना हो म्हणणं सर्वांत सुरक्षित वाटतं. 'हे की ते' असं विचारलं, तर पुष्कळदा शेवटचा पर्याय उचलला जातो. म्हणून चित्रं समोर ठेवा आणि नंतर क्रम उलटून पुन्हा विचारा. शब्द मात्र बदला. तोच प्रश्न तसाच आला, की आपलं आधीचं उत्तर चुकलं असं वाटून माणूस ते बदलतो. 'कधी'ऐवजी "वाढदिवसाच्या आधी की नंतर?" विचारा. प्रश्नानंतर मनात दहा अंक मोजा. घाईने भरलेली शांतता म्हणजे गमावलेलं उत्तर. सोबतच्या मदतनीसाशीही आधीच ठरवून घ्या: शब्द समजावायचा, उत्तर द्यायचं नाही.

संमतीतही हाच 'हो' आडवा येतो. इथल्या 2005 च्या मेंटल कपॅसिटी कायद्यानुसार 16 वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला निर्णयक्षम धरूनच सुरुवात करायची. शंका आली तर चार गोष्टी पाहायच्या: माहिती समजणं, ती लक्षात राहणं, तोलून पाहणं आणि निर्णय कळवणं. 'ईझी रीड', म्हणजे सोप्या भाषेतल्या माहितीपत्रकात एका वाक्यात एकच मुद्दा, शेजारी चित्र, मोठं अक्षर. ते वाचून झाल्यावर "समजलं ना?" विचारलंत, तर पुन्हा हो. त्याऐवजी "आज आपण काय करणार आहोत?", "नको वाटलं तर तुम्ही काय कराल?" असं विचारा. थांबण्याचं लाल कार्ड नुसतं हातात देऊन भागत नाही. आधी एखाद्या साध्या प्रश्नावर ते उचलायला सांगा आणि तुम्ही खरोखर थांबून दाखवा. त्याशिवाय कार्डावर विश्वास बसत नाही.

निर्णयक्षमता नसेल, तर नैतिकता समितीची मान्यता लागते आणि जवळच्या व्यक्तीचा सल्लाही घ्यावा लागतो. तो सल्लाच, संमती नव्हे. कुटुंबाने होकार दिला, तरी मुलाखत चालू असताना त्या माणसाने चित्रं दूर सारली, पाठ फिरवली, दाराकडे जायला लागला, तर तो विरोध मानायचा आणि रेकॉर्डर तिथेच बंद करायचा.