आमची वाटचाल : तिरफळाच्या वासाची जिन

मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा. घरामागे काजू, पोफळींवर चढलेली मिरी, परसात जायफळाचं झाड. दारूच्या धंद्यात आमच्या घरातलं कुणी कधी नव्हतं. पण 2017 मध्ये नाओ स्पिरिट्स या कंपनीने गोव्यात गाळलेली ‘ग्रेटर दॅन’ ही जिन बाजारात आणली, पाठोपाठ त्यांचीच ‘हपुसा’ आणि 2018 मध्ये ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ आली, आणि आपल्याकडच्या मसाल्यांची जिन जगात कुठेही मान वर करून उभी राहू शकते हे डोळ्यांसमोर दिसलं. मी आणि माझ्या भागीदाराने उत्तर गोव्यात शेड भाड्याने घेतली. बाबांची अट एकच होती : बाटलीवर जे लिहाल ते आत असलं पाहिजे.

जिनचा पाया असतो तो शुद्ध मद्यार्क, धंद्यात ज्याला सगळे ईएनए म्हणतात. तो 96 टक्क्यांच्या आसपास तीव्रतेचा असतो आणि त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. आम्ही धान्यापासून बनवलेला घेतो. त्यात पाणी मिसळून तो सौम्य करायचा, तांब्याच्या भट्टीत ज्युनिपर (जिनला तिचा मूळ वास देणारी फळं) आणि धणे रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी मंद आच द्यायची. कागदी लिंबाची साल आणि तिरफळ (कोकणात माशाच्या कालवणात घालतात तो मसाला) मात्र वरच्या जाळीच्या टोपलीत राहतात. वाफ त्यांच्यातून जाताना वास उचलते. सुरुवातीची तिखट, नाकात झोंबणारी धार बाजूला काढायची. मधली ठेवायची. शेवटी धारेला उकडलेल्या भाजीसारखा वास यायला लागला की थांबायचं. हे थांबणं यंत्रावर सोडता येत नाही. आमच्याकडे दोन माणसं नाक लावून उभी असतात, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय नळ फिरत नाही.

भेटायला येणारे हमखास विचारतात, तुम्ही कोकणातले, मग कोकमाची जिन का नाही? कारण कोकमाचा आंबटपणा आणि लाल रंग वाफेबरोबर वर चढतच नाहीत, भट्टीच्या तळाशी राहतात. मिरीचा तिखटपणाही तसाच मागे उरतो; वर येतो तो फक्त तिचा वास. म्हणून गाळण्यासाठी सुगंधी तेलाचा माल लागतो, आणि त्यात तिरफळासारखं दुसरं काही आम्हाला सापडलं नाही. लिंबू, मिरी आणि ओल्या रानाचा असा एकत्र वास त्यात असतो. पावसाळा सरताना माल येतो. वाळवल्यावर फळ उकलतं, त्यातली काळी बी काढून टाकायची आणि नुसतं टरफल ठेवायचं. हे काम गावातल्या बचत गटातल्या बायका करतात. मालातला कचरा त्यांच्या बोटांना आधी कळतो, आम्हाला नंतर. कोकम आम्ही ग्लासासाठी राखून ठेवलंय : जिन, थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची.

गाळलेली जिन काही दिवस मुरू देतो, मग शुद्ध पाणी घालून 42.8 टक्क्यांवर आणतो. त्यानंतरची एक परीक्षा मला फार प्रिय आहे. काचेच्या ग्लासात थोडी जिन घ्यायची आणि वरून थंडगार पाणी सोडायचं. सुगंधी तेलं प्रमाणाबाहेर असतील तर ती विरघळलेली राहत नाहीत आणि ग्लास दुधाळ होतो. तळापर्यंत नितळ दिसला तरच तो घाणा बाटलीत जातो.

हे झालं गाळण्याचं. विकण्याची गोष्ट वेगळीच आहे. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनी टीव्हीवरची दारूची जाहिरात बंद केली. सोडा किंवा पाण्याच्या नावाने ब्रँड दाखवायच्या आडवाटेवरही 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी बोट ठेवलं. मोठ्या कंपन्यांचं नाव लोकांच्या तोंडी आधीच असतं, नव्याला ते मिळवायला जागाच नाही. आमच्यापुरता रस्ता एकच उरतो, तो म्हणजे बारटेंडर. दुपारी बार उघडायच्या आधी आम्ही जातो. प्रत्येकाच्या तळहातावर एक तिरफळ ठेवतो, चुरडून हुंगायला सांगतो, मग बर्फाशिवाय थोडी जिन देतो. मुंबईत लोअर परळच्या एका बारमध्ये रत्नागिरीचा एक पोरगा हुंगून एकदम म्हणाला, ‘दादा, हा तर आमच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास!’ त्या दिवसापासून तो बार आमची जिन मनापासून विकतो. छापील पत्रकाने हे कधी झालं नसतं.

राज्य बदललं की सगळं नव्याने. दारू हा राज्यांचा विषय, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी लेबलची वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, आणि 31 मार्च जवळ आला की पुन्हा नूतनीकरणाची धावपळ. बाटली, बूच, खोका यांवर आम्ही जीएसटी भरतो, पण दारू जीएसटीच्या बाहेर असल्याने त्याची वजावट मिळत नाही. उत्पादन शुल्क माल बाहेर पडायच्या आधी भरायचं आणि पैसे मात्र विक्रेत्याच्या सवडीने. एका मोठ्या शहरातल्या वितरकाने आमचा माल गोदामात ठेवून महिनोन्महिने पैसे अडवले. लहान धंद्याचा जीव तेवढ्यातही जाऊ शकतो. तेव्हापासून आम्ही थोड्या दुकानांना, थोडा माल, ठरलेल्या मुदतीवरच देतो.

कोल्हापूर-पुण्याचे पाहुणे गोव्यात बाटल्या घेऊन सोबत नेऊ का विचारतात. परवान्याशिवाय नेऊ नका, हे आम्ही स्पष्ट सांगतो. ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ हा मथळा गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या बातम्यांत वाचत मी मोठा झालो. आमची बाटली महाराष्ट्रात जाते ती तिथला कर भरून, तिथल्या लेबलनिशी. पिण्याचं वय गोव्यात 21 आणि महाराष्ट्रात अशा मद्यासाठी 25 आहे, तेही आम्ही प्रत्येक कार्यक्रमात दारातच तपासतो.

सध्या 180 मिलीच्या बाटलीचं काम चालू आहे. नवीन चव बघायला 750 मिली विकत घेणं बऱ्याच जणांना जड जातं, हे दुकानदार सारखं सांगत होते. अडचण काचेची होती : लहान मापाचा आमचा साचा हवा, तर कारखाना एका वेळी आमच्या वर्षभराच्या गरजेपेक्षा जास्त बाटल्या घ्यायला लावतो. म्हणून तयार साच्यातली साधी गोल बाटली घेतली आहे आणि खर्च लेबलच्या छपाईवर करतो आहोत. लेबलला मंजुरी मिळाली की ती आधी गोव्यात येईल, महाराष्ट्रात त्यानंतर.